जुना पेशंट

मुक्ताईनगरच्या सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागासमोरच्या रांगेत नवा रुग्ण कोण आणि जुना कोण, हे ओळखायला फारसा वेळ लागत नाही. नव्या रुग्णाबरोबर माणसे असतात. कुऱ्ह्याहून किंवा अंतुर्लीहून भाड्याची गाडी करून आलेले भाऊ, मेहुणे, शेजारी त्याच्याभोवती उभे असतात, कुणी केसपेपर काढायला धावतो, कुणी ओळखीचा माणूस शोधतो, आणि रुग्ण स्वतः मधोमध बावरून बसलेला असतो. जुना रुग्ण बहुधा एकटा येतो. तो एसटीतून उतरतो तेव्हा त्याच्या हातात कापडाच्या दुकानातली जाड पिशवी असते, तिच्यात गेल्या कित्येक वर्षांचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे घड्या घालून ठेवलेली असतात. गोळ्यांची खिडकी किती वाजता बंद होते, कोणत्या बाकावर अकरानंतर ऊन येते, कोणत्या नळाला पाणी असते, हे त्याला पाठ असते. पहिल्या वर्षी त्याच्याबरोबरही माणसे आली होती. दुसऱ्या वर्षी मुलगा येत असे, पुढे कापसाच्या वेचणीचे दिवस आले, केळीची कापणी आली, मुलाचे येणे राहिले. यात कुणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. माणसे धावून येतात ती संकटाला, आणि दहा वर्षे चाललेल्या संकटाला घरात संकट म्हणत नाहीत.

वैद्यकशास्त्र ज्याला दीर्घकालीन आजार म्हणते, म्हणजे जो औषधाने आटोक्यात राहतो पण मुळासकट जात नाही, त्याचे खरे वेगळेपण त्याच्या तीव्रतेत नसून त्याच्या मुदतीत असते. तापाला, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला, बाळंतपणाला आरंभ आणि शेवट असतो. मधुमेह, दमा, निकामी झालेली मूत्रपिंडे, अर्धांगवायू, सिकलसेल यांना आरंभ तेवढा असतो. त्यामुळे अशा रुग्णाच्या मनातील ‘बरे होणे’ ही अपेक्षा हळूहळू मागे सरते, आणि तिच्या जागी अनेक लहान, नेमक्या, बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतील अशा अपेक्षा येऊन बसतात. त्यांतील बहुतेक डॉक्टरांकडून नसतात. डॉक्टर कक्षात काही मिनिटे येतात आणि त्या मिनिटांत त्यांनी निदान व औषध पाहावे हे रुग्णालाही मान्य असते. बाकीचे तास ज्यांच्या सहवासात जातात, त्या परिचारिकेकडून, म्हणजे सगळे ज्यांना ‘सिस्टर’ म्हणतात त्यांच्याकडून, या अपेक्षा असतात.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ अन्सेल्म स्ट्रॉस आणि परिचर्येच्या क्षेत्रातून संशोधनाकडे वळलेल्या ज्युलिएट कॉर्बिन यांनी १९८० च्या दशकात घरोघरी दीर्घ आजार सांभाळणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी एक साधी पण तोवर दुर्लक्षित गोष्ट मांडली, ती अशी की आजारी माणूस नुसता सोसत नसतो, तो काम करत असतो. औषधे वेळेवर घेणे, लक्षणांवर नजर ठेवणे हे एक काम. घर, शेत, पोट चालवणे हे दुसरे. आणि आजारामुळे मोडलेल्या आपल्या आयुष्याचा अर्थ पुन्हा लावणे हे तिसरे. ही तिन्ही कामे एकाच वेळी, एकाच शरीराने, रजा न घेता करावी लागतात. हे मान्य केले की रुग्ण आणि परिचारिका यांच्या नात्याचे रूप पालटते. एक घेणारा आणि एक देणारी असे ते उरत नाही. एकाच कामावरची ती दोन माणसे ठरतात, आणि कामावरचा जुना माणूस नव्याकडून जी अपेक्षा करतो तीच रुग्णाची असते, की त्याला जे ठाऊक आहे त्याची दखल घेतली जावी.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते डायलिसिसच्या कक्षात. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जास्तीचे पाणी यंत्राने काढावे लागते, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. आणि मुक्ताईनगर, बोदवड, रावेर या पट्ट्यातील माणसाला जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठायचे तर जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. यंत्राला रक्त पुरेशा वेगाने मिळावे म्हणून रुग्णाच्या हातातील एक रोहिणी आणि एक नीला शस्त्रक्रियेने जोडलेली असते. या जोडाला फिस्टुला म्हणतात. काही आठवड्यांत ती नीला जाड होऊन कातडीवर उठून दिसू लागते, आणि तिच्यावर बोटे टेकवली तर आतून सलग थरथर जाणवते. थरथर चालू म्हणजे जोड चालू. सकाळी जाग आल्यावर चूळ भरण्याआधी रुग्णाचा दुसरा हात तिथे जातो, आणि थरथर लागली की मग त्याचा दिवस सुरू होतो. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, त्यातून रक्त काढायचे नाही, तो उशाला घ्यायचा नाही, त्याने ओझे उचलायचे नाही. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी भलत्या कक्षात भरती व्हावे लागले, तर हा माणूस झोपेतही तो हात छातीशी धरून असतो, कारण रात्रपाळीची नवी सिस्टर घाईत तोच हात ओढून सुई लावील ही धास्ती त्याला असते. त्याची तिच्याकडून पहिली अपेक्षा एवढीच, की सुई लावण्याआधी तिने विचारावे.

डायलिसिसच्या सुया नेहमीच्या सुईपेक्षा बऱ्याच जाड असतात आणि त्या दोन लागतात, एक रक्त बाहेर नेणारी आणि एक परत आणणारी. दोन-तीन वर्षे झालेल्या रुग्णाला आपल्या हाताचा नकाशा पाठ असतो. कुठे सुई अलगद जाते, कुठे नीला वळते, कुठे मागे एकदा रक्त साकळून हात काळानिळा झाला होता. म्हणून नवी सिस्टर सुई घेऊन पुढे आली की तो हळूच म्हणतो, ‘‘ताई, दोन बोटं वरून घ्या.’’ या वाक्यावर पुढचे चार तास अवलंबून असतात. ‘मला शिकवू नका’ असे उत्तर मिळाले तर रुग्ण गप्प होतो, आणि मग पायात गोळे आले, डोके हलके वाटू लागले, म्हणजे रक्तदाब उतरत चालल्याची खूण दिसू लागली, तरी तो वेळेवर सांगत नाही. तथापि रुग्ण म्हणतो तेथेच दर वेळी सुई लावावी, असेही म्हणता येत नाही. तीच ती जागा बधिर झालेली असते, म्हणून रुग्णाला ती हवी असते. पण वारंवार तेथेच टोचल्याने नीलेची भिंत पातळ होऊन फुगवटा येतो, आणि म्हणून जागा बदलत राहणे हे परिचारिकेचे कर्तव्य असते. रुग्णाचे आणि सिस्टरचे ज्ञान इथे एकमेकांसमोर उभे राहते, आणि दोन्ही खरी असतात. जाणती सिस्टर अशा वेळी काय करते, तर आधी त्या दोन बोटांवरच्या जागेवर हात फिरवते, ती तपासल्याचे रुग्णाला दिसू देते, आणि मग सांगते की आज थोडे खाली घेऊ, पुढच्या वेळी इथे. सुई तेवढीच दुखते. पण रुग्णाला आपला हात आपलाच असल्यासारखे वाटते.

याच रुग्णांना केळी वर्ज्य असते. केळ्यात पोटॅशियम हे क्षारद्रव्य भरपूर असते, निरोगी मूत्रपिंडे त्यातले जास्तीचे सहज बाहेर टाकतात, निकामी मूत्रपिंडांना ते जमत नाही, आणि रक्तात ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडून ते थांबूही शकते. पथ्याच्या छापील कागदावर ‘केळी बंद’ हे दोन शब्द असतात, आणि पुण्यामुंबईच्या रुग्णाला ते फळांच्या यादीतील एक नाव वाटते. तापीच्या काठच्या माणसाला ते तसे वाटत नाही. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाचे उत्पादन म्हणून कायद्याने ओळख मिळाली, तिथे मृगबाग आणि कांदेबाग या दोन लागवडींवर लग्ने ठरतात, देणी फिटतात. पाहुण्यापुढे केळी येते, संत मुक्ताईच्या दारात प्रसादाला केळी येते. आयुष्यभर घड वाहिलेल्या माणसाला ‘केळी खाऊ नका’ सांगताना सिस्टरने एक क्षण थांबावे, एवढी अपेक्षा तो ठेवतो, आणि ती त्याला कधीही शब्दांत मांडता येणार नाही. पाण्याचेही तसेच. दिवसभरात जेवढी लघवी होते तिच्यापेक्षा साधारण अर्धा लिटर जास्त एवढेच पाणी प्यायचे, हा नियम वैशाखात, पारा पंचेचाळिसाकडे गेलेला असताना, पत्र्याखाली बसून पाळायचा असतो. ‘पाणी कमी प्या’ हा आदेश झाला. चूळ भरा, बर्फाचा खडा तोंडात धरा, आणि मुख्य म्हणजे पापड-लोणचे, शेवभाजीचा तिखट-खारट रस्सा सोडा म्हणजे तहानच कमी लागेल, ही मदत झाली. दीर्घकाळचा रुग्ण या दोहोंतला फरक पहिल्या वाक्यात ओळखतो.

मधुमेहाच्या बाबतीत हीच गोष्ट घरापर्यंत जाते. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी, असे तिच्यावर लिहिलेले असते, आणि ज्या घरात फ्रीज नाही किंवा आहे पण दुपारी तासन्‌तास वीज नाही, त्या घरातील बाई ते वाचून बाटली कुठे ठेवावी या विवंचनेत पडते. अशा वेळी उपकेंद्रातील परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावपातळीवर साथीच्या नसलेल्या आजारांची तपासणी व पाठपुरावा करण्यासाठी नेमलेली व्यक्ती, जर एवढे सांगू शकली, की चालू बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालावी, डबी लहान मडक्यात, ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी, आणि सगळे घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे, तर त्या रुग्णाचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागतो. मातीतून पाणी झिरपून वाळत राहते आणि वाळताना उष्णता ओढून नेते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने बाटली खराब व्हायची वाचते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, जुन्या घरात ती पत्र्याच्या घरापेक्षा बरी राहते, हेही सांगण्यासारखे असते. ही माहिती कागदावर छापून वाटता येईल, पण कुणाच्या घरावर पत्रा आहे आणि कुणाच्या धाबे, हे कागदाला ठाऊक नसते. रुग्णाची अपेक्षा नेमकी इथे असते. त्याला सल्ला हवा असतो, पण तो त्याच्या घरात मावणारा हवा असतो.

अशा शिकवण्यात वयाचाही एक नाजूक प्रश्न असतो. सत्तरीचा, चारचौघांत मान असलेला शेतकरी बाकावर बसलेला असतो आणि नुकतीच परिचर्येची पदविका घेऊन आलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी त्याला पोटाची चिमूट धरून सुई कशी टोचायची, रोज जागा कशी बदलायची, एकाच जागी टोचल्याने गाठ का येते, हे दाखवत असते. त्याचा हात थरथरतो, आणि तो थरथरताना तिने पाहू नये असे त्याला वाटते. या तालुक्यात, तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, चांगदेव नावाचे गाव आहे. परंपरेने चौदाशे वर्षे जगलेला मानलेला योगी चांगदेव जिला शरण गेला ती मुक्ताई वयाने लहान मुलगी होती, आणि मुक्ताईनगरातील लहान पोरालाही ही कथा सांगावी लागत नाही. वयाने मोठ्याने लहानाकडून शिकण्यात कमीपणा नाही, हे इथल्या मातीत आधीपासून आहे. फक्त शिकवणारीने ज्ञान देताना समोरच्याचे चौदाशे वर्षांचे वय विसरू नये, त्याला ‘आजोबा’, ‘बाबा’ म्हणावे, खाट क्रमांकाने हाक मारू नये. आणि पहिली सुई चुकली तर हसू नये.

वेदनेच्या संदर्भात अपेक्षा आणखी मूलभूत होते, कारण तिथे रुग्णाला हवा असतो तो विश्वास. सातपुड्यातील पावरा, भिल्ल आदिवासींमध्ये आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार घ्यावा. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि असह्य कळा सुरू होतात. थंडी, ताप, फार श्रम, शरीरातले पाणी कमी होणे, यांपैकी काहीही निमित्त पुरते. बाहेरून मात्र काही दिसत नाही, जखम नाही, सूज असेलच असे नाही, आणि तोच तरुण तीन महिन्यांत चौथ्यांदा रात्री दोन वाजता कळवळत आला की कक्षात कुजबुज होते, की याला इंजेक्शनची सवय लागली आहे. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ साली वेदनेची व्याख्या करताना ठरवणारा माणूस बदलला. वेदना आहे की नाही, किती आहे, हे जो भोगतो तोच सांगणार, आणि तो सांगतो ती वेदना असते, असा त्या व्याख्येचा आशय. व्याख्या परिचारिकेने केली ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रात्री दोन वाजता खाटेजवळ उभे राहण्याचा प्रसंग वारंवार जिच्यावर येतो, तिलाच ती सुचू शकत होती. भारतात सिकलसेल निर्मूलनासाठीचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, तपासण्या वाढल्या, औषधे मिळू लागली. पण कळा सुरू झालेल्या पोराला त्या रात्री हवे असते ते एवढेच, की ‘खरंच दुखतंय का रे’ या प्रश्नाला कुणी त्याला सामोरे जायला लावू नये.

रुग्ण खोटे बोलतात, हेही खरे आहे, आणि ते बहुधा सिस्टरशीच बोलतात. डायलिसिसला आलेला माणूस वजनकाट्यावर चढण्याआधी चपला, पट्टा, खिशातली चिल्लर काढून ठेवतो. दोन खेपांमध्ये वजन अडीच-तीन किलोने वाढलेले असते, ते सगळे पाणीच असते हे दोघांना माहीत असते, आणि तरीही ‘काहीच प्यालो नाही’ हे वाक्य येते. साखर चारशेवर गेलेली बाई म्हणते की लग्नात गोड खाल्लेच नाही. या खोट्यामागे अज्ञान क्वचित असते, बोलणी खाण्याची भीती पुष्कळ असते. ज्या माणसाने आजाराच्या निमित्ताने घरात, गावात, डॉक्टरांपुढे वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेली असतात, तो निदान एका ठिकाणी तरी न रागावता ऐकून घेणारे माणूस शोधत असतो. जिथे खरे सांगितल्यावर ओरडा मिळतो तिथे पुढच्या खेपेला खरे कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर औषध ठरवता येत नाही. म्हणजे सिस्टरच्या आवाजातील सौम्यपणा हा उपचाराचाच भाग ठरतो.

आणि जसा ओरडा नको असतो तशी खोटी आशाही नको असते. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५६ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवरून परतल्या त्या आजार घेऊनच, आणि पुढील कित्येक वर्षांचा मोठा काळ त्यांनी अंथरुणावर किंवा घरात बंदिस्त राहून काढला; १८५९ च्या सुमारास लिहिलेल्या परिचर्येवरील त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात रुग्णाला उगीच धीर देणाऱ्या आणि उपदेश करणाऱ्या मंडळींवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. अनिश्चितता, वाट पाहणे, अचानक काय होईल याची धास्ती, यांनी रुग्ण श्रमापेक्षाही अधिक थकतो, हे त्यांनी ओळखले होते. ते पुस्तक सामान्यतः परिचारिकेचे मार्गदर्शन म्हणून वाचले जाते. ते एका जुन्या रुग्णाने लिहिले आहे हे ध्यानात ठेवून वाचले तर त्यातील पाने वेगळी भासतात. ‘काही होत नाही, बरे व्हाल’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘डॉक्टर दुपारी दोनच्या आधी येणार नाहीत, तोवर जेवून घ्या’ असे म्हणणारी सिस्टर रुग्णाला मोलाची वाटते, कारण दुसऱ्या वाक्यावर दिवस आखता येतो.

काही अपेक्षा बोलल्याच जात नाहीत. लघवीची नळी, बेडपॅन, अंग पुसणे, पोटावर शौचासाठी केलेल्या कृत्रिम द्वाराची पिशवी बदलणे, या गोष्टींत देह उघडा पडतो आणि त्याबरोबर माणूसही. कक्षात पडदा नसेल तर सिस्टरने स्वतः आडोसा होऊन उभे राहावे, हे कोणत्याही अभ्यासक्रमाच्या आधीचे शहाणपण आहे. स्त्री रुग्णांच्या बाबतीत तर मौन आणखी दाट असते. खानदेशातील शेतावर राबणारी बाई गुडघ्याचे, पाठीचे, पायाच्या आगीचे दुखणे कापूस घरात येईपर्यंत मागे टाकते, आणि दवाखान्यात आली तरी नातवाचा खोकला आधी सांगते. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, अनवाणी चालताना रुतलेला काटा तिला कळलेलाही नसतो. तिला ‘काय होतंय’ विचारून उपयोग नसतो, कारण तिला काही होतच नसते. अशा वेळी खाली बसून तिचे पाऊल हातात घेणारी, बोटांच्या बेचक्या पाहणारी परिचारिका तिचा पाय वाचवते. ही अपेक्षा त्या बाईने केलेलीच नव्हती. माणसाने मागावे तेवढेच द्यायचे असे ठरवले तर अशा स्त्रियांच्या वाट्याला काहीच येणार नाही.

येथे एक अन्याय्य अपेक्षाही नमूद करायला हवी. आपल्या समाजात परिचारिकेकडून माया गृहीत धरली जाते. ती घरच्या सुनेसारखी, थकवा न दाखवता, वेळेचा हिशेब न ठेवता राबावी असे धरले जाते, आणि तिचे कौशल्य मात्र मोजले जात नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात शिकण्यासाठी मराठी घरांतल्या स्त्रिया, त्यांत अनेक विधवा, पाठवल्या, तेव्हा या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्याला सेवा म्हणणे आवश्यक होते. शतक उलटल्यावरही ते केवळ सेवाच समजले जावे, हे मात्र बरोबर नाही. ज्यांनी खूप सोसले आहे असे रुग्ण या बाबतीत नातेवाइकांपेक्षा शहाणे असतात. ते आधी हात पाहतात, मग बोलणे. एका टोचणीत शीर सापडणारा हात त्यांना गोड शब्दांपेक्षा अधिक मायाळू वाटतो.

या सर्व अपेक्षांच्या मुळाशी एक अपेक्षा आहे, ती म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सांगायला लागू नये. रुग्णालय तीन पाळ्यांवर चालते, आणि पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला जी माहिती देते तिला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. त्या ओव्हरमध्ये खाट क्रमांक, चालू सलाईन, द्यायची इंजेक्शने, रात्रीचा ताप इत्यादी असते. या आजीला डाव्या कुशीवर श्वास लागतो, हा बाबा दिवा बंद केला की घाबरतो, त्या मुलाच्या उजव्या हाताची शीर फुटते, हे बहुधा नसते. जिथे ते असते तिथे काय घडू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला, गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, वॉर्ड चारला लागून असलेल्या खोलीत होत्या. त्यांना बोलता येत नव्हते. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालाची चर्चा खूप झाली आणि व्हायलाच हवी होती. पण त्या निकालात नोंदलेली एक साधी बाब त्या चर्चेत झाकली गेली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाडांवरील कातडी सडून होणारी जखम, झालेली नव्हती. ही जखम टाळायची तर रुग्णाला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीही. आणि त्या काढत असलेल्या आवाजांतून त्यांना काय हवे-नको ते परिचारिकांना समजत होते.

बेचाळीस वर्षांत केईएममध्ये परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. शेवटच्या काळात अरुणा शानबाग यांना भरवणाऱ्या, वळवणाऱ्या कित्येक जणी १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. खाट मोकळी व्हावी म्हणून त्यांना अन्यत्र हलवण्याचा विचार झाला तेव्हा परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या, आणि तो विचार सोडून द्यावा लागला. त्यांची जागा, त्यांचे आवाज, त्यांच्या आवडीनिवडी एकीकडून दुसरीकडे ओव्हरमध्ये जात राहिल्या. म्हणजे जी ओळख रुग्ण मागतो ती एकाच व्यक्तीने आयुष्यभर पुरवावी असे नाही. ती हातोहात पुढे जाऊ शकते. पण अरुणा शानबाग त्यांच्यातल्याच एक परिचारिका होत्या, म्हणून हे घडले का, हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. अंतुर्लीच्या शेतमजुरासाठी ते घडेल का, हा त्याच्या पुढचा.

कारण तालुक्याच्या ठिकाणी वास्तव असे, की एका सिस्टरकडे अख्खा कक्ष असतो, काही जणी कंत्राटावर असतात, आणि शासकीय सेवेतल्यांच्या बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात होतात. मराठवाड्यातून किंवा कोकणातून आलेली नवी सिस्टर जूनपर्यंत इथली बोली समजू लागते, ‘गोया’ म्हणजे गोळ्या हे तिला कळू लागते, पायाला मुंग्या येणे वेगळे, आग होणे वेगळे आणि चालताना पोटरी भरून येणे वेगळे, कारण पहिली दोन नसांची लक्षणे आणि तिसरे रक्तवाहिन्यांचे, हे ती इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून नीट वेगळे करू लागते. आणि तीनेक वर्षांत पुन्हा जाण्याची वेळ येते. जुने रुग्ण या बदल्यांची बातमी कर्मचाऱ्यांच्याही आधी ठेवतात. केसपेपरवर निदान, औषध, मात्रा यांना जागा आहे. ‘या रुग्णाला काय चालते’ यासाठी जागा नाही, आणि ती असावी असे सुचवणे सोपे आहे. कोणत्या हाताला सुई नको, घरावर पत्रा आहे की धाबे, फ्रीज आहे की नाही, बरोबर कोण येते आणि कधीपासून कुणी येत नाही, एवढे चार ओळींत मावेल. दुखते तेव्हा हा माणूस ओरडत नाही, गप्प होतो, हेही लिहिता येईल. मात्र तो गप्प झाला आहे हे ओळखण्यासाठी आधी तो बोलका होता हे कुणीतरी पाहिलेले असावे लागते, आणि ते चार ओळींतून नव्या सिस्टरपर्यंत कितपत पोचेल, हे ओव्हर घेणारीच सांगू शकेल.